शुक्रवारची नोंद

क्लिफ ड्रुरी वार पाळतात. देव नाही, नुसते वार.
रविवारी भाजलेलं मटण, सोमवारी तेच थंड,
मंगळवारी खिमा, ज्यात मिठाशिवाय कुणी नाही,
बुधवारी सॉसेज, गुरुवारी डब्यातलं सूप
आणि शुक्रवारी मासा.
ब्रेंडा जाऊन सहा वर्षं झाली,
फ्रीजवर वेळापत्रक अजून तिच्याच अक्षरात.

ग्रिम्सबीत माझी पाळी संध्याकाळी पाचची.
"टी झाला का?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.
मी कपभर चहा नेला, साखर वेगळी.
ते कपाकडे बघत राहिले, मग दाराकडे,
जणू जेवण मागून येतंय.
असं कळलं मला, की इथे चहा चावून खातात.

कंपनी अर्धा तास देते.
फोनवर आत आल्याची खूण, बाहेर पडल्याची खूण,
मधे गोळ्या, मोजे, पडदे,
आणि प्लास्टिकच्या झाकणाला चार भोकं पाडून
मायक्रोवेव्हमध्ये साडेचार मिनिटं.
मग वहीत लिहायचं, काय दिलं, किती खाल्लं.
अर्धं. पाव. सगळं.
आवडलं का, याला रकाना नाही.

विचारलं तर म्हणतात, "नॉट बॅड."
खिमा नॉट बॅड. थंडी नॉट बॅड. गुडघा नॉट बॅड.
माझे बाबाही असेच. आमटी ओरपून ताटातच हात धुवायचे,
आणि आई त्या पाण्यावरून ओळखायची
जमली की बिघडली.

वीस वर्षं त्यांनी गोदीत मासे उतरवले, पहाटे दोनला, बर्फात.
"आता मासा आइसलँडहून येतो," म्हणतात,
जसं कुणी म्हणावं, मुलगा घरजावई झाला.
मी सांगितलं, माझी आई वेंगुर्ल्याला मासे विकते.
त्यांनी पहिल्यांदा टीव्हीचा आवाज कमी केला.
"कुठले?"
बांगड्याचं इंग्रजी येत होतं,
बाकीच्यांची मी हातांनी लांबीरुंदी दिली.
त्यांनी हॅडकचा काळा डाग दाखवला,
स्वतःच्या खांद्यावर अंगठा टेकवून.

त्या शुक्रवारी खोकं आलं तेव्हा ताटल्या दोन होत्या.
मी विचारलं, तळलंय कशात?
"गाईच्या चरबीत." अभिमानाने. नाहीतर तळूच नये.
मला चालत नाही, म्हटलं.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
वॉकर ढकलत उठले, दुसरी ताटली कपाटात ठेवली.
मी लिहिलं: मासा, अर्धा.

पुढच्या शुक्रवारी दारात टॅक्सी.
आत माणूस नव्हता, नुसती पिशवी,
गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानाची.
वर्तमानपत्राच्या कडेला अकरा दुकानांची नावं, अकरा फोननंबर,
दहांवर काट.
"तेलातला," पहिल्या घासाला म्हणाले. "चव नाही.
पण त्यात माशाचा काय दोष."

माझी मिनिटं संपली होती.
फोनवर बाहेर पडल्याची खूण केली
आणि खुर्ची ओढली.
मी बोटांनीच खाल्लं. ते बघत होते.
त्यांच्या हातात काटा होता आणि माशात नव्हता,
आमच्याकडे दोघांना शब्द एकच, हे सांगायचं राहिलं.
कवचाखालून पांढऱ्या पाकळ्या सुटत होत्या,
डोकं नाही, शेपटी नाही. आई म्हणाली असती,
डोळ्यात बघितल्याशिवाय घेतलास कसा?
मग त्यांनी काटा बाजूला ठेवला,
माझ्या ताटलीतला तुकडा बोटाने दाबून बघितला,
चुकून एखादं हाड राहिलं असेल तर.

"कसा?"
मीठ कमी, तिखट नाहीच, व्हिनेगरने कवच लिबलिबीत.
"नॉट बॅड," मी म्हटलं.
त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.

वहीत: मासा, सगळा. चिप्स, अर्धे.
उरलेले अर्धे कागदात गुंडाळून माझ्या कोटाच्या खिशात.
सातच्या बसमध्ये पुढच्या दोन बायका
वळून वळून बघत होत्या, पोटात काही नसल्यासारख्या.