अल्गॉन्क्विन : नोंद अपुरी

संपादक महोदय,
मुलांच्या कोशात दीडशे शब्दांची जागा दिलीत.
'अ'ची प्रुफं सोमवारी हवीत,
आणि मी अजून नावाशीच अडखळलेय.

एक मत : भाल्यानं मासे आणि वाम टोचतात ती जागा.
दुसरं : ते आपले सोयरे आहेत,
असं शेजारची टोळी त्यांच्याविषयी म्हणाली असावी;
एका फ्रेंच दर्यावर्द्याच्या कानाला जसं लागलं
तसं त्यानं चारशे वर्षांपूर्वी टिपलं.
'टोळी' खोडलंय. 'लोक' करा.

वाम निदान डोळ्यांनी पाहावी
म्हणून बेलापुरातून उतरून दिवाळ्याच्या जेट्टीवर गेले.
सुकती लागलेली, होड्या चिखलात कुशीवर,
पोशा तांडेल डोलीचं जाळं शिवत बसलेले.
वाम? पूर्वी गाळात बिळं दिसायची, म्हणाले,
बिळं अजून दिसतात.

मी सांगत सुटले :
बर्फ, भूर्जाच्या सालीच्या होड्या,
किची सीबी म्हणजे थोरली नदी,
तिच्यावर पुढे बांधलेली धरणं.
सुई दातांत धरून ते ऐकत होते.
मग सुई काढली.
"ह्या नाव त दुसऱ्यांनी ठेवलेला.
त्ये सवताला काय बोलतान?"

कागदाच्या तळाशी, बारीक टाइपात होतं.
अनिशिनाबे.
आणि ओमामीविनिनी, प्रवाहाच्या उताराकडची माणसं.
त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा शब्द तोंडात बसला.
माझ्या अजून बसत नाही.

बंडीच्या खिशातून त्यांनी एक दाखला काढला,
लॅमिनेशनच्या आत खाडीचं पाणी गेलेलं.
नाव. गाव. सर्व्हे नंबर.
आणि ठळक अक्षरांत : प्रकल्पग्रस्त.
"नातवाला शालंत इचारला, तुमी कोन,
त पोरगा ह्योच बोलला."
ते हसले. मला जमलं नाही.

उठता उठता सांगितलं,
त्यांच्या भाषेत तो, ती, ते नसतं;
जिवंत आणि निर्जीव, अशी वाटणी असते.
दगड जिवंतात धरतात.

तांडेलांनी जाळ्याच्या पायाशी बांधलेला
धोंडा पाहिला,
आणि काही न बोलता
उन्हातून उचलून होडीच्या सावलीत ठेवला.

वाम मिळाली नाही. पाव किलो बोंबील घेतले.
नोंद त्र्याण्णव शब्दांनी जास्त झाली आहे.
कुठून कापायची, ते कळवावं.