फळा

तांबट आळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा.
माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्याकडे.

ह्या वर्षी चौघं.
नाव, वय, किती वाजता निघणार.
एवढंच मावतं.

चिंतामणी करडे, एक्याऐंशी.
डावा कान ठोक्यांनी कधीच नेलेला,
तरी बंब मठारताना
हातोडी कुठं पोकळ वाजली
ते आधी त्यांनाच कळायचं.
कसं, ते विचारायचं राहिलं.

इंदूताई वडके. बावीस बायकांची भिशी तोंडपाठ.
वही नव्हतीच. आता कुणाचे किती
ह्यावर अजून कुणी भांडलं नाही,
कसब्यात हे नवलच.

नौशादभाई कल्हईवाले.
'वैकुंठ' लिहायची हाताला सवय,
'वै' काढून झाला, मग बोटानं पुसला,
लिहिलं : असरच्या नमाजानंतर.
त्यांचा थोरला मागेच उभा होता.
थोडा हसला. मग नाही हसला.

आणि पिंट्या.
शाळेतलं नाव कुणालाच आठवेना.
त्याच्या आईकडे गेलो.
म्हणाली, हृषीकेश.
हळू लिही, 'हृ' सगळे चुकवतात.
वय विचारायचं धाडस झालं नाही,
आम्ही एका बाकावर होतो.

आज लिहिलंय :
गुरुवारी पाणी बंद. भरून ठेवावे.
ओल्या फडक्यानं दोनदा पुसूनही
'ठेवावे'च्या खाली
एक दीर्घ वेलांटी फिकट राहिलीय.
फडकं पुन्हा उचललं,
तेवढ्यात कुणीतरी बादली टेकवून विचारलं,
सकाळचंच, की दिवसभर?

दिवसभर, म्हटलं.