पाणी घालतोय हो!

आमच्या खिडकीत ऊन अकरा दहाला येतं
आणि एक पस्तीसला समोरच्या टॉवरमागे जातं.
मी मोजलंय. आयुष्यभर भांडुपच्या कारखान्यात
यंत्रांचे नकाशे काढले, मोजल्याशिवाय
मला काही दिसतच नाही.
ग्रिल साडेपाच फूट बाय सव्वा फूट.
कुंड्या अकरा, त्यातली एक रंगाची बादली.
एवढ्यात मुलुंडचा वसंत मावतो,
थोडा बाहेर सांडतो.

सांडण्यावरूनच सुरुवात झाली.

होळीच्या आधी शेंगदाण्याची पेंड भिजवली, चार दिवस.
झाकण उघडलं तेव्हा वृषाली म्हणाली,
"आता घरात हे राहील, नाहीतर मी."
म्हणून घाईघाईने सगळं एकदम ओतलं
आणि ते कुंड्यांतून, बशांतून, ग्रिलच्या पत्र्यावरून
थेट गेलं दुसऱ्या मजल्यावर,
जिथे लोटलीकर वहिनींनी
जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. तेच वाईट.
एक कुरडई चिमटीत धरून वर पाहिलं.
मी पडद्यामागे झालो,
साठी उलटलेला माणूस.

पुढे पंधरा दिवस जिन्यात भेटल्या की
त्या मनगटावरच्या घड्याळात बघायच्या.
मनगटावर घड्याळ नसायचं.

मधल्या काळात वरही फार बरं चाललं नव्हतं.
मोगरा छाटला, पाणी तोडलं, कुणीतरी सांगितलं म्हणून.
तो रुसला की मेला, कळेना.
रोज नखाने साल खरवडून बघायचो, आत हिरवं आहे का.
जास्वंदीवर पिठ्या ढेकूण.
टोमॅटोला एप्समचं मीठ घालायचं होतं,
मी घातलं शेजारच्या बरणीतलं.
दोन दिवसांत त्याने मान टाकली.
"नशीब," वृषाली म्हणाली, "आमटीत उलटं झालं नाही."

पण दोडका!
दिवसाला चार इंच. वर जा म्हणून सुतळी बांधली,
तो सुतळीला हात लावून खाली वळला.
त्याची फुलं संध्याकाळी उमलतात
हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
दिवेलागणीला, पिवळी, ओल्या कागदासारखी.
नराची घोसाने. मादीचं एकटं,
पाठीशी बोटभर दोडका घेऊनच आलेलं.
सोसायटीने दिवाळीत गच्चीखालचं पोळं काढवलं होतं,
ठरावावर माझीही सही आहे.
तेव्हा मधमाशीचं काम मीच केलं,
नकाशे झाडायचा जुना ब्रश घेऊन,
चष्मा कपाळावर, मोबाइलचा उजेड दातात धरून.
आतून वृषाली, "लागलं का लग्न?"

एक लागला. एकच.
तोही खाली लोंबलेल्या टोकाला,
लोटलीकरांच्या ग्रिलच्या आत.
मी वाकून अंदाज घ्यायचो. चार इंच. सात.
पाडव्याच्या आदल्या सकाळी, नाही.
देठ विळीने कापलेला, तिरका, स्वच्छ.

पाडव्याला दुपारी बेल वाजली.
वहिनी. हातात झाकलेली वाटी.
"तुमचा दोडका कडू निघाला.
कूट घातलं, गूळ घातला, तरी कडूच.
म्हटलं, आज नाहीतरी कडुनिंब खायचाच असतो,
तुम्हीही घ्या चमचाभर."

तिघांनी दारात उभ्याउभ्याच खाल्ला.
खरंच कडू होता.
मी दुसऱ्यांदा घेतला.

मग त्या न विचारता खिडकीपाशी गेल्या,
मोगऱ्याच्या काडीवर बोट फिरवलं.
"जिवंत आहे हा," म्हणाल्या. "नखं लावू नका."

आता सकाळी साडेसातला मी ग्रिलमधून हाक घालतो,
"वहिनी, पाणी घालतोय हो!"
खालून येतं, "थांबा, टॉवेल काढते."
टॉवेल काढून झाल्याचं सांगायला त्या कधीकधी विसरतात.
मी झारी धरून उभाच.
मोगऱ्याच्या काडीच्या बेचक्यात
काल काही नव्हतं. आज मिरीएवढं आहे.
पट्टी आत टेबलावर,
आणि झारी खाली ठेववत नाही.