पार्ट आला का जी

निवडणूक संपली, आचारसंहिता उठली,
ठाण्यात जमा केलेली आपापली हत्यारं सोडवून
माणसं आमच्या सदरच्या दुकानात येऊ लागली.
गंज, फुगलेले दस्ते, हरवलेले स्क्रू.
वर्षाची आमची सुगी ती एवढीच.

रिटायर्ड रेंजर मंशाराम उईके
यांनी काउंटरवर टॉवेल उलगडला.
जुनं रिव्हॉल्व्हर, सिंगल ॲक्शन.
सहा घरं, चक्र जागचं हलेना.
स्क्रूची डोकी कुरतडलेली:
घरीच उघडलं होतं साहेबांनी,
जेवणाच्या टेबलावर, शिलाई मशीनच्या पेचकसानं,
आणि एक तुकडा उडाला तो
कूलरच्या घरघरीत कुठं पडला, ऐकूच आलं नाही.

बाबांनी भिंग लावलं.
"हाताची स्प्रिंग गेली."
हात म्हणजे आतली पेराएवढी पट्टी.
घोडा मागे ओढला की ती वर सरकते
आणि चक्राला पुढच्या घरात ढकलते.
तीस वर्षं अंबाझरीच्या फॅक्टरीत फिटर होते बाबा,
मला शिकवलं तेही असंच, एकेका तुकड्याचं नाव घेत:
याच्यात चापाला काम एकच, सोडायचं.
चढवायचं काम अंगठ्याचं.
दर वेळी नव्यानं, दर वेळी तुझं तूच.
आता त्यांचीच बोटं थरथरतात.
भिंग त्यांचं, कानस माझी.

असले पार्ट मिळत नाहीत.
बनवणाऱ्याचं नावसुद्धा नळीवरून पुसून गेलेलं.
तीन दिवस मी पोलादाची एक पट्टी घासत होते,
जेवतानाही नखांत तिचा चुरा.
तापवल्यावर आधी गवताच्या रंगाची झाली,
मग वांग्याच्या सालीसारखी,
मग निळी. तिथं थांबवली.
वाकवली, सोडली. परत आली जागेवर.

त्याच दुपारी फुलवंताबाई आल्या, एकट्या.
पाणी मागितलं. पंख्याखाली बसल्या.
भिंतीवरचा लायसन्सचा कागद
पूर्ण वाचून काढला त्यांनी, शिक्क्यासकट.
मग म्हणाल्या,
"रात्री उठतेत हे.
टेबलावर टॉवेल अंथरतेत, ते समोर ठेवतेत,
बसून राहतेत.
फिरत नव्हतं ना जी ते,
म्हणून सकाळ होत होती."
आणि कुकर लावायचा आहे सांगून निघून गेल्या.
ग्लास अर्धा तसाच.

बाबांनी माझ्या हातातून स्प्रिंग घेतली.
होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत टाकली, बूच लावलं.
रजिस्टर ओढलं.
हजाराव्या भागाची चूक ज्यानं कधी पास केली नाही
त्या माणसानं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पार्ट येणे बाकी.
अक्षर थरथरलेलं होतं,
पण ते तर हल्ली सगळीकडेच थरथरतं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब येतात.
"पार्ट आला का जी?"
"नाही आला, साहेब."
"येईन. येईन."
मग चहा.
मग विहिरीत पडलेल्या बिबट्याची गोष्ट,
खाट सोडून त्याला वर कसं घेतलं त्याची.
मग कधीतरी एका गार्डची, ज्याला
त्या रात्री त्यांनीच गस्तीवर पाठवलं होतं.
ती गोष्ट नाल्यापर्यंत येते
आणि साहेब बशी पुसत बसतात.
बाबा पुढचं विचारत नाहीत.
मी एकदा विचारणार होते, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

खोटं बोलताना मला अजूनही
ड्रॉवरकडे बघू नये हे लक्षात ठेवावं लागतं.

आज मे महिन्याचा पहिला सोमवार.
रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय.
साहेब आले, डोक्याला दुपट्टा, हातात पिशवी.
टॉवेल नाही.
पिशवीतून कूलरचा पंप काढला, ओलाच,
काउंटरवर ठेवला. खाली पाणी साचलं.
"बंद पडला. घरीच उघडत होतो,
तर बाई म्हणे, कायले? त्या पोरीकडं न्या."
जरा थांबले.
मी 'नाही आला' तोंडात तयार ठेवून उभी.
"हे तरी होते का?"

बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून होते,
एक उघडला.
"होते ना," मी म्हटलं. "बसा. आत्ता देते."

ताटीची एक काडी अडकली होती पात्यात.
तेवढंच होतं.
तरी मी सगळा पंप खोलला.