अनशापोटी

एरंडेल झालं, हिरडा झाला,
सोनामुखीनं तर पोटात नांगर फिरवला.
चार-चार दिवस काही नाही
आणि चहाच्याही आधी, घरभर एकच:
"झालं काय वं?"

सिंदेवाहीची डाक्टरीन रिपोर्ट पाहून म्हणाली,
आतड्यात खोट नाही, निर्गुणाबाई.
मी हिरमुसले. मग दुखते ते?
"दुखते ते खरंच.
शिरा तुमच्या भुंकऱ्या कुत्र्यासारख्या,
पान पडलं तरी उठतात."
वीस वर्षांत पहिल्यांदा
कोणी माझ्या पोटाला खोटं पाडलं नाही.

गोळी नागपूरहून येते, एसटीच्या पार्सलात.
टेंभुर्णेचा पोरगा कागदात गुंडाळून देतो,
जशी चोरीची.
अनशापोटी, भाकरीच्या अर्धा तास आधी.
आतड्यात पाणी ओढते म्हणे,
तळ्याचं पाणी शेवटच्या बांधीत शिरावं तसं.
पहिल्या आठवड्यात पाटच फुटला!
अंगणवाडीतली खिचडी टाकून दोनदा पळाले,
पोरं हसली. मीही.

आता एक दिवसाआड.
कुत्रं आहेच अजून;
रात्रीच्या बारक्या गोळीनं
नुसते कान टवकारते, पुन्हा झोपते.

आज सासूनं विचारलं, तर म्हटलं,
"तुमचं?"
ती सूप पाखडत राहिली.
मग हळूच,
"पाचवा दिवस."