सेटल्ड

मुलुंडच्या शाखेत तांडेल मॅडमनी
स्क्रीन माझ्याकडे वळवली.
सहाशे बारा.
खाली कार्डाच्या ओळीत एकच शब्द: सेटल्ड.

हाच शब्द आई
किती जणांपुढे बोलली असेल,
धाकटा एकदा सेटल झाला की मी सुटले.
झालो, आई.
एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचे
पंचाहत्तर हजारांत.

तेव्हा वाटलं, मिटलं.
आदल्या आठवड्यात शेजारच्या कुंदावहिनींना
माझी चौकशी करणारा वसुलीवाला भोईटे
फोनवर चक्क "अभिनंदन, सर" म्हणाला.
पत्राच्या दोन झेरॉक्स काढल्या,
एक देवाच्या फोटोमागे.

"सेटल्ड म्हणजे अर्धवट बुडवलेलं,"
मॅडमनी आवाज उतरवला,
मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून.
"उरलेले भरा, दाखला घ्या,
मग क्लोज्ड लिहून येईल. महिना, दीड महिना."

उरलेले.
नोकरी गेली हे घरी कळू नये म्हणून
पाच महिने डबा घेऊन निघायचो,
पवईच्या एसी हॉटेलात
एका कॉफीवर सहा तास बसायचो.
डबा तिथे उघडता यायचा नाही.
भाजी संध्याकाळी पुलाखालच्या कुत्र्याला,
आणि कॉफी कार्डावर.
त्या कॉफ्यांना व्याज लागलं,
व्याजाला दंड, दंडावर पुन्हा कर.

जिन्यात आईचा फोन.
"काय म्हणाली बँक? देतायत ना कर्ज?"
म्हटलं, घरी येऊन सांगतो.
पहिल्या कॉफीपासून.