नातूर

सकाळी मूठ वळत नाही.
गजराचं घड्याळ मनगटानं बंद करते
आणि पडून राहते एसीच्या घरघरीत,
आपलेच हात शेजारी कुणी ठेवून गेल्यासारखे.

शारजात, रोल्याला, चौथा मजला,
तिघींत एक फ्रिज.
दाराच्या कप्प्यात माझं इंजेक्शन,
जिन्सीच्या ताकाच्या बाटलीमागे,
मारिव्हिकच्या व्हिनेगरला टेकून.
ऑगस्टमध्ये तीन तास वीज गेली
तेव्हा फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले,
दार उघडू दिलं नाही कुणाला.
देवापुढेही इतकी कधी बसले नव्हते.

डॉक्टर म्हणाले होते,
शरीराचे राखणदार असतात,
तुमचे तुम्हालाच ओळखत नाहीत.
सोपं करून सांगितलं.
मी फाइल उचलली, तीही कोपरानं.

या खेपेला एक कागद दिला.
गेल्या पंधरा दिवसांत मन कसं होतं,
प्रत्येक ओळीपुढे चार चौकोन.
करमत नाही, याला चौकोन नव्हता.
पेन धरवत नाही, यालाही.
सगळीकडे दुसऱ्या चौकोनात खूण केली,
दिसायला बरी दिसेल अशी,
कारण व्हिसा मार्चमध्ये संपतो
आणि एचआरच्या निलोफरचं टेबल माझ्या समोरच आहे.

रात्री अडीचला सुरू होतं.
विम्यानं नाही म्हटलं तर.
डोळ्यांत उतरलं तर.
आईला कळलं तर.
भिंतीपलीकडे मारिव्हिक लेकराशी फोनवर हसते,
मग बराच वेळ नळ सोडून ठेवते.

बरी आहेस ना, आई विचारते.
बरी आहे.
आपल्या भाषेत या एका शब्दाला दोन खोल्या:
एकीत माणूस ठीक असतो,
दुसरीत दुखणं संपलेलं असतं.
मी उंबऱ्यावर उभी राहून बोलते.
आई सांगते, दिगंबरच्या हाती लोणचं पाठवलंय,
झाकण घट्ट लावलंय, सांडायचं नाही.
घट्ट.

इथे वॉचमनला नातूर म्हणतात.
आमचा गुलजमान, पेशावरकडचा.
लिफ्टचं बटण आत रुतलंय, जोर लागतो.
त्यानं कधी काही विचारलं नाही,
पण माझी पावलं ओळखतो.
काचेच्या दारातून शिरते न शिरते
तोच उठतो, बटण दाबतो,
पुन्हा बसून उरलेला चहा पितो.

परवा तो नव्हता. गावी गेला, सुट्टीवर.
त्याच्या स्टुलावर कुणी नवा पोरगा.
कुणाकडे जायचंय, म्हणाला.
राहते मी इथे. नऊ वर्षं.
त्यानं रजिस्टर सरकवलं, वर पेन ठेवलं.
मी पेनाकडे बघत राहिले.
मग त्या लॉबीत, चांगलं मोठ्यानं म्हणाले,
हात दुखतात माझे. रोज दुखतात.
हिंदीत म्हणाले.
मराठीत जमलं नसतं.

पोरगा गडबडला. पेन स्वतःच उचललं.
नाव विचारलं, सांगितलं,
त्यानं पार भलतंच लिहिलं.
राहू दिलं तसंच.
बटण त्यालाही दोनदा दाबावं लागलं.